पुलिकतला जाताय? होडीचं काठावरच ठरवा

चेन्नईतल्या मराठी घरी डिसेंबर-जानेवारीत पाहुणे आले की महाबलीपुरम आणि कांचीपुरम उरकल्यावर कुणीतरी पुलिकतचं नाव काढतं. शहराच्या उत्तरेला ५५-६० किलोमीटरवर, चिल्का सरोवराच्या खालोखाल देशातल्या सर्वांत मोठ्या खाऱ्या-मचूळ सरोवराच्या काठी वसलेलं हे कोळ्यांचं गाव. तमिळमध्ये त्याला पळवेर्काडू म्हणतात. सरोवराच्या पलीकडे वाळूचा लांबट पट्टा आहे, त्यावर छोट्या छोट्या वाड्या आहेत आणि त्यापलीकडे बंगालचा उपसागर. साहजिकच होडीने पलीकडच्या एखाद्या गावात जाऊन यावं, वाटेत फ्लेमिंगो पाहावेत, असा बेत ठरतो. मग घोळ सुरू होतो. एकजण सांगतो की तिथे पर्यटकांना होडीत बसायला बंदी आहे. दुसरा मागच्याच हिवाळ्यात होडीतून काढलेले फोटो दाखवतो. दोघंही खरंच बोलत असतात, म्हणून तर विचारणाऱ्याचा गोंधळ वाढतो.

असा प्रश्न पडला की बहुतेक जण पाण्याकडे बघून निर्णय घेतात: पाणी शांत आहे का, खोल आहे का, ढग आहेत का. आमचं म्हणणं असं की हे प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न होडीबद्दलचा: ही होडी माणसं नेण्यासाठी आहे की मासे धरण्यासाठी? याचं उत्तर काठावरच मिळतं, पाच मिनिटांत मिळतं, आणि ते ‘मासे धरण्यासाठी’ असेल तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

बंदी आहे, मग होड्या कशा दिसतात?

२५ डिसेंबर २०११ रोजी, नाताळच्या सुटीत सहलीला आलेल्या मंडळींना घेऊन निघालेली मासेमारीची होडी पुलिकतला उलटली आणि २२ जण बुडून मेले. त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. त्यानंतर प्रशासनाने तिथे पर्यटकांना होडीतून फिरवण्यावर बंदी घातली. ही बंदी पर्यटकांच्या फेरीवर आहे, होड्यांवर नाही, हे नीट लक्षात घ्या. मासेमारी चालू आहे, वाड्यांवरचे लोक आपापल्या कामासाठी ये-जा करतात, त्यामुळे धक्क्यावर होड्या नेहमीच दिसणार. त्यातलाच एखादा नावाडी जवळ येऊन ‘बोटिंग, बोटिंग’ म्हणतो. काणुम पोंगलसारख्या गर्दीच्या दिवशी पोलीस उभे असतात तेव्हा तो गप्प असतो, एरवी बोलतो. मित्राच्या फोटोंवरून एवढंच कळतं की त्या दिवशी त्याला कुणी अडवलं नाही. अडवलं नाही याचा अर्थ परवानगी होती असा होत नाही. स्थानिक आदेश काळानुसार सैल किंवा कडक होऊ शकतात, म्हणून निघण्याच्या दिवशी पुलिकतच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या माणसाकडे एकदा विचारा. होडीवाल्यालाच बंदीबद्दल विचारण्यात काही हशील नाही.

बंदीचा आदेश बाजूला ठेवला तरी कायद्याची चौकट उरतेच. निर्णयाला लागेल तेवढीच इथे सांगतो. देशांतर्गत जलमार्गांवरील नौकांचा नवा कायदा २०२१ साली झाला. यंत्राच्या नौकेने प्रवासी न्यायचे तर त्या नौकेची नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि चालवणाऱ्याचं पात्रता प्रमाणपत्र त्यात अपेक्षित आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८४ असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या नौकेतून भाड्याने माणसं नेणं हा गुन्हा ठरवतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिसरी गोष्ट, सरोवराचा मोठा भाग पक्षी अभयारण्य आहे, आंध्रच्या बाजूला आणि तमिळनाडूच्या बाजूलाही. अभयारण्यात कुठे जायचं आणि कसं, हे वनखातं ठरवतं.

मासेमारीची होडी माणसांसाठी का नाही

इथे अनेकांना वाटतं की हा कागदी फरक आहे. जी होडी भर समुद्रात लाटा फोडून जाते तिला गुडघाभर पाण्यात दहा माणसं काय जड? म्हणून फरक कशात आहे ते जरा सविस्तर पाहू. मासेमारीच्या फायबरच्या होडीत वजन असतं ते जाळ्याचं, बर्फाचं आणि मासळीचं. ते तळाशी असतं आणि जागचं हलत नाही. वजन खाली असलं की होडी कलंडली तरी परत सरळ होते. त्याच होडीत माणसं बसवली की ती फळ्यांवर आणि होडीच्या काठांवर बसतात, म्हणजे वजन वर जातं. शिवाय हे वजन चालतंबोलतं असतं. ओलं जाळं सेल्फीसाठी उठून उभं राहत नाही. डाव्या हाताला पक्षी उडाले की माणसं डाव्या बाजूला झुकतात, आणि त्याच क्षणी आडवी लाट आली तर होडीला सरळ व्हायला अवसर मिळत नाही. प्रवासी नौका बांधताना आसनं खाली घेतात, कठडा घालतात, किती माणसं एका बाजूला गेली तर नौका किती कलते याचा हिशेब करतात आणि त्यावरून आसनक्षमता ठरवतात. मासेमारीच्या होडीसाठी हा हिशेब कुणी केलेलाच नसतो. ‘दहा माणसं चालतात’ हा नावाड्याचा अंदाज असतो, आणि तो अंदाज बहुधा भाड्याच्या बाजूने झुकलेला असतो.

केरळातली घटना पाहा. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरजवळ पर्यटकांची बोट बुडाली, तिथेही २२ बळी गेले. ती बोट मुळात मासेमारीची होती, तिच्यात फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती. वर क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि संध्याकाळची वेळ. पुलिकत आणि तानूर यांच्यात सुमारे साडेअकरा वर्षांचं आणि दोन किनाऱ्यांचं अंतर आहे, पण मूळ चूक एकच आहे.

होडीवर रंगवलेला नंबर पाहून फसू नका. ‘आयएनडी टीएन’ने सुरू होणारा क्रमांक हा मासेमारी नौकेच्या नोंदणीचा असतो. होडी चोरीची नाही, तिचा मालक कोण ते सरकारला ठाऊक आहे, एवढंच तो सांगतो. प्रवासी नेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. उलट अपघात झालाच तर होडी नोंदवलेल्या कामाबाहेर वापरली या कारणावरून विमा कंपनीला हात झटकायला जागा मिळते, मग ती कंपनी होडीची असो की तुमच्या प्रवास विम्याची.

‘पण…’ म्हणणाऱ्यांसाठी

पहिला आक्षेप: पाणी तर कंबरेएवढंही नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, सरोवराची सरासरी खोली जेमतेम मीटरभर आहे. पण सरासरीत कुणी बुडत नाही, माणूस एका विशिष्ट जागी बुडतो. समुद्राला मिळणारं मुख आणि होड्यांच्या वाटा जास्त खोल असतात, पावसानंतर तिथे ओढ असते, आणि पर्यटकाला नेमकं तिथेच जायचं असतं, कारण सरोवर आणि समुद्राची भेट तिथेच दिसते. तळाशी चिखल, पाण्यात खुंट आणि लावलेली जाळी, अंगावर साडी किंवा जीन्स आणि डोक्यावर उलटलेली होडी, अशा वेळी मीटरभर पाणी पुरेसं होतं. चार वर्षांच्या मुलाची उंचीच साधारण तेवढी असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गावातली माणसं, शाळेतली मुलंसुद्धा, त्याच होडीतून जातात, मग आपण का नको? ती जातात कारण त्यांना दुसरी वाट नसते. अशा वाड्यांवरचे लोक वर्षानुवर्षं पूल मागत आले आहेत, हौसेने होडीत बसणारे पूल कशाला मागतील? शिवाय त्यांना पाण्यात वावरायची सवय आहे, कुठे बसायचं आणि कधी हलायचं नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे, आणि वारा वाढला तर ती दुसऱ्या दिवशी जातात. तुमची परतीची गाडी मात्र आजचीच असते. त्यांनी पत्करलेली अडचण आपण करमणूक म्हणून विकत घ्यावी, हे पटण्यासारखं नाही.

तिसरा आक्षेप: परवानाधारक बोटीही बुडतातच की. बुडतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीला सरकारी पर्यटन महामंडळाची ‘जलकन्यका’ उलटून ४५ जण गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जण गेले, आणि त्यानंतर तिथे लाइफ जॅकेटची सक्ती झाली. तारकर्लीला मे २०२२ मध्ये पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. यावरून परवाना निरुपयोगी ठरत नाही. परवाना ही पहिली चाळणी आहे, शेवटची नाही, एवढंच ठरतं. म्हणूनच खाली परवाना असलेल्या बोटीतही काय पाहायचं ते दिलं आहे.

चौथा आक्षेप मात्र आम्हाला मान्यच करावा लागतो. बंदीमुळे गावाचा रोजगार बुडतो, आणि परवाना द्यायची व्यवस्थाच नसेल तर तपासणीही होत नाही, धंदा चोरून चालतो आणि आणखी धोक्याचा होतो. यावर उपाय म्हणजे नोंदणीकृत प्रवासी होड्या, प्रशिक्षण आणि धक्क्यावर तपासनीस. तो सरकारने करायचा आहे, आणि गावाने तो मागितला तर पाठिंबा द्यायला हवा. पण तुम्ही चोरून दिलेल्या भाड्याने ती व्यवस्था उभी राहत नाही, उलट ती नसल्याचं कुणाला जाणवतच नाही. गावाला पैसे मिळावेत असं मनापासून वाटत असेल तर ते देण्याचे मार्ग काठावर पुष्कळ आहेत.

होडीशिवाय पुलिकत

गंमत अशी की पुलिकतचा बराचसा भाग पायीच पाहण्यासारखा आहे. पलीकडच्या पट्ट्यावरचं लाइटहाउस कुप्पम पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे ‘सरोवरापलीकडचं गाव आणि समुद्र’ हे दोन्ही होडीत न बसता मिळतं.

- डच दफनभूमी: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहे. प्रवेशद्वाराशी दगडात कोरलेले दोन सांगाडे आहेत, मुलांना ते विशेष आवडतात. आत सतराव्या शतकातल्या कोरीव थडग्यांवर जहाजं आणि कुलचिन्हं दिसतात. डचांनी १६१३ मध्ये इथे गेल्ड्रिया किल्ला बांधला आणि बराच काळ कोरोमंडल किनाऱ्यावरचा कारभार इथूनच केला. किल्ल्याचं मात्र आता झुडपांत हरवलेलं टेकाड उरलं आहे, त्यासाठी वेगळी पायपीट करू नका.
- सकाळचा मासळी लिलाव: खेकडे आणि कोळंबी घ्यायची तर इथेच घ्या. फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः बायकांचे. दुपारी गेलात तर रिकाम्या टोपल्या दिसतील.
- ताडाच्या पानांच्या पेट्या आणि टोपल्या: गावातल्या बायका विणतात. घासाघीस करू नका. होडीच्या भाड्याचे पैसे इथे खर्च केलेत तर ते थेट घरात जातात.
- पक्षी: फ्लेमिंगोंसाठी होडी लागते हा गैरसमज आहे. होडीच्या इंजिनाने ते उडून जातात. आंध्रच्या बाजूला सुल्लूरपेटाहून श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता सरोवराच्या मधून जातो आणि दोन्ही बाजूंना पक्षी चरताना दिसतात. चांगली दुर्बीण न्या. अवकाश केंद्राच्या फाटकापुढे जाता येत नाही. जवळच नेलपट्टूला पेलिकनांची वीण होते.

जायचं कसं? चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट संकुलातून गुम्मिडिपूंडी मार्गावरची उपनगरी गाडी पकडा, पोन्नेरीला उतरा आणि तिथून बस किंवा रिक्षा घ्या. सुल्लूरपेटा त्याच रेल्वेमार्गावर पुढे आहे. गावात स्वच्छतागृहांची सोय यथातथाच आहे, पोन्नेरीला उरकून निघा. ड्रोन घरी ठेवा. एका बाजूला अवकाश केंद्र, दुसऱ्या बाजूला बंदर आणि मध्ये अभयारण्य, असला प्रदेश ड्रोनवाल्याला महागात पडतो. अग्निबाण सुटण्याच्या दिवशी मच्छीमारांनाही समुद्रात जायला मनाई असते, त्या दिवशी होडीचा विचारही नको.

होडी हवीच असेल तर

मुलांना पाण्यावरच जायचं आहे, ही मागणी रास्त आहे. त्यासाठी तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळाची बोटघरं आहेत. तिथे तिकीट मिळतं, जॅकेट मिळतं आणि तक्रार कुणाकडे करायची हे ठाऊक असतं.

- मुट्टुकाडू: ईस्ट कोस्ट रोडवर, चेन्नईच्या दक्षिणेला. इथे पॅडल बोटी आणि यांत्रिक बोटी आहेत. शेजारचं कोवलम हे कोळ्यांचं गाव रस्त्याने गाठता येतं, म्हणजे बोट वेगळी आणि गाव वेगळं, पण दोन्ही अर्ध्या दिवसात होतात. सुटीच्या दिवशी रांग मोठी असते.
- मुदलियारकुप्पम: त्याच रस्त्यावर आणखी दक्षिणेला, चेन्नईहून सुमारे ९० किलोमीटर. गर्दी कमी. खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत बोट जाते. पुलिकतच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय हाच.
- पिच्चावरम: चिदंबरमजवळ, चेन्नईहून जेमतेम एका दिवसात होणारं अंतर, मुक्काम केलेला बरा. खारफुटीतून वल्ह्याच्या होड्या जातात. यंत्राच्या बोटीपेक्षा वल्ह्याचीच घ्या, अरुंद वाटांत तीच शिरते.

आंध्रच्या बाजूला तडाजवळच्या भीमुनिवारिपालेमहून इरक्कम बेटाकडे होड्या जातात. ते खरंखुरं वस्तीचं बेट आहे. तिथे जायचं झालं तरी पहिला प्रश्न तोच: जी होडी समोर आहे ती प्रवाशांची की मासेमारीची?

काठावरची पाच मिनिटं

परवाना असलेल्या बोटीतही हे पाहून मगच पाय ठेवा.

- आसनक्षमता कुठे रंगवली आहे का? ती दिसत नसेल तर विचारा, आणि चढलेली माणसं स्वतः मोजा. तान्ही मुलंही मोजा, बोटवाले ती मोजत नाहीत.
- लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी आहे का, आणि ते अंगात आहे का? आसनाखाली ठेवलेलं किंवा उशीसारखं पाठीशी घेतलेलं जॅकेट उलटलेल्या बोटीत सापडत नाही. पट्टे ओढून बांधा. मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. लहान मापाची जॅकेट बहुतेक ठिकाणी कमी असतात. वर्षातून दोन-चारदा पाण्यावर जाणाऱ्या कुटुंबाने मुलांसाठी स्वतःची घेतलेली बरी.
- दुसरा माणूस आहे का? एकच माणूस इंजिनही सांभाळतो आणि पैसेही मोजतो, अशी बोट टाळा.
- इंजिन बंद पडलं तर वल्हं किंवा बांबू आहे का?
- मुखाकडे किंवा उघड्या समुद्राकडे नेणार का? ‘नको’ असं निघण्यापूर्वी सांगा. पाण्यावर गेल्यावर भाडं वाढवून पुढे न्यायचा आग्रह होतो, आणि तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं.

तमिळ येत नसेल तर चार वाक्यं पुरतात. ‘लायसन्स इरुक्का?’ म्हणजे परवाना आहे का. ‘लाइफ जॅकेट इरुक्का?’ म्हणजे जॅकेट आहे का. ‘एत्तनै पेर?’ म्हणजे किती माणसं. आणि सर्वांत उपयोगी ‘वेण्डाम’, म्हणजे नको. हे शेवटचं हसतमुखाने आणि दोनदा म्हणावं लागतं.

कोकणचं पंचांग इथे चालत नाही

मराठी वाचकाची किनाऱ्याबद्दलची समज कोकणात घडलेली असते, आणि इथे ती दगा देते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचे, म्हणून तेव्हा होड्या बंद. दिवाळीनंतर समुद्र निवळतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच काळात. म्हणजे दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत, मराठी माणूस निर्धास्तपणे समुद्राकडे निघतो तेव्हा, इथला समुद्र सर्वांत बेभरवशाचा असतो. पुलिकतची होडी उलटली ती २५ डिसेंबरला, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस ‘ठाणे’ चक्रीवादळ कडलूरजवळ धडकलं होतं.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. मुंबईला मोठ्या भरतीत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणून कोकणातला माणूस भरतीचं वेळापत्रक पाहतो. चेन्नईला हा फरक जेमतेम मीटरभर असतो. इथे पाहायचा तो वारा. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि उथळ सरोवरात आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळचं आरशासारखं पाणी पाहून ठरवलेली फेरी दुपारी दोनला निघते, गोम इथेच असते. म्हणून काय करायचं ते करा, पण सकाळी करा. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी. सूर्यास्तानंतर कुठल्याही बोटीत बसू नका.

जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ: पाऊस सरलेला, पक्षी अजून मुक्कामाला. निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या चेन्नई केंद्राचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा. मच्छीमारांना ‘जाऊ नका’ सांगितलं असेल तर ते तुम्हालाही सांगितलं आहे असं समजा.

एजंटमार्फत जात असाल तर

‘पुलिकत बोटिंगसह’ असं पॅकेज कुणी विकत असेल तर बोट कुणाची, परवाना कुठला, जॅकेट कोण देणार, हे व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा. लेखी उत्तर मिळालं तर तो पुरावा होतो. मिळालं नाही तर तेही एक उत्तरच. धक्क्यावर पोहोचल्यावर होडी मासेमारीची निघाली तर बसायला नकार द्या आणि त्या भागाचे पैसे परत मागा. गटातल्या इतरांना उशीर होतो म्हणून संकोच करू नका. सोसायटीची किंवा मंडळाची सहल असेल तर आयोजकाने हे आधीच तपासून ठेवावं, कारण ४० माणसं धक्क्यावर उभी असताना कुणीच नाही म्हणत नाही.

काही बिघडलंच तर

संकटात ११२ हा क्रमांक सगळीकडे चालतो. किनाऱ्यावरच्या घटनेसाठी सागरी पोलिसांचा १०९३ आणि समुद्रातल्या शोध-बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४. तिन्ही आधीच फोनमध्ये ठेवा आणि फोन प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. बोट उलटली तर किनारा जवळ दिसत असला तरी पोहत निघू नका. उलटलेली बोट बहुतेकदा तरंगत राहते, तिला धरून राहा, मुलांना मध्ये घ्या. एकट्या डोक्यापेक्षा बोट आणि तिच्याभोवतीची माणसं बचाव करणाऱ्यांना लवकर दिसतात.

पैसे घेऊन दिलेली सेवा ही कायद्याने सेवाच असते, पावती नसली तरी. म्हणून भाडं रोख देण्यापेक्षा यूपीआयने द्या, त्यातून कुणाला, किती आणि कधी दिले याची नोंद राहते. बोटीचा आणि क्रमांकाचा एक फोटो चढण्याआधीच काढून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे पुण्याच्या कुटुंबाला चेन्नईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर करता येते, सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एजंटने बोट ठरवली असेल तर तक्रारीत त्यालाही प्रतिवादी करा, ‘बोट माझी नव्हती’ एवढ्यावर त्याची सुटका होऊ देऊ नका.

गुन्हा नोंदवायचा असेल आणि तुम्ही तोवर घरी परतला असाल, तर ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येतो, ते ठाणं तो संबंधित हद्दीत पाठवतं. त्याची प्रत फुकट मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिथल्याच ठाण्यात गेलात आणि जबाब तमिळमध्ये लिहिला गेला तर सही करण्यापूर्वी तो मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत समजावून घ्या. मदतीला चेन्नईतला एखादा मराठी ओळखीचा माणूस असेल तर त्याला त्याच वेळी सोबत न्या. नंतर दुरुस्ती करणं फार किचकट होतं.